छायाचित्रण फिल्म बाह्य प्रयोगशाळेकडे सोपविण्यातील जोखीम : एक विवेचन

प्रस्तावना

पुणे-बंगळूर महामार्गावर, कृष्णा-तारळी संगमाशी वसलेल्या उंब्रजसारख्या गावातील महाविद्यालयात क्षेत्रभेटीचा एखादा न धुतलेला रोल आजही विभागाच्या कपाटात आढळू शकतो. फिल्म धुण्याची सोय आता मोठ्या शहरांतील मोजक्या लॅबपुरती उरल्याने तो बाहेर पाठविणे बहुधा अपरिहार्य ठरते. यातील जोखमीचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

सुप्त प्रतिमा

प्रकाश पडताच फिल्मवरील सिल्व्हर हॅलाइडच्या कणांवर सुप्त प्रतिमा उमटते. विकासक द्रावणात ती दृश्य होईपर्यंत तिची प्रत काढता येत नाही. म्हणजे पाठविला जाणारा रोल हाच एकमेव मूळ पुरावा असतो. विकासकाआधी स्थिरक द्रावण पडल्यास प्रतिमा कायमची नष्ट होते. रंगीत निगेटिव्हची सी-41 प्रक्रिया 37.8 अंश सेल्सिअसला होते. पारंपरिक कृष्णधवल फिल्म चुकून त्या प्रक्रियेत गेल्यास प्रतिमेचे चांदीकण विरघळून फिल्म कोरी होते. याशिवाय प्रवासातील उष्णता, विमानतळावरील क्ष-किरण, जुनी द्रावणे, ओरखडे व रोलची अदलाबदल हे धोके आहेतच.

सैरंध्रीचा दाखला

याच महामार्गावरील कोल्हापूरचा इतिहास येथे उद्बोधक आहे. प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘सैरंध्री’ (1933) रंगीत करण्याचे योजिले व त्याची रंगप्रक्रिया जर्मनीत करून घेतली. रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत. चित्रीकरण एका खंडात आणि प्रक्रिया दुसऱ्या खंडात असल्यास दोष उशिरा कळतो व दुरुस्तीची संधी हातची जाते. पुढे अर्देशीर इराणी यांच्या ‘किसान कन्या’ (1937) या चित्रपटाला देशातच प्रक्रिया झालेला पहिला रंगीत चित्रपट हा मान मिळाला.

परावलंबनाची दुसरी बाजू कोडाक्रोम फिल्मने दाखविली. तिची गुंतागुंतीची प्रक्रिया सामान्य लॅबमध्ये होत नसे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील शेवटच्या लॅबने 30 डिसेंबर 2010 नंतर नवे रोल घेणे थांबविले. त्यानंतर राहिलेल्या रोलमधून फार तर कृष्णधवल प्रतिमा मिळू शकते. मूळ रंग मिळत नाहीत.

उपाययोजना

1) सर्व रोल एकाच वेळी न पाठवता प्रथम कमी महत्त्वाचा रोल पाठवून निकाल पाहावा.
2) प्रत्येक रोलवर क्रमांक, विषय व प्रक्रियेचा प्रकार लिहून त्याची नोंद विभागात ठेवावी.
3) केवळ स्कॅनवर समाधान न मानता निगेटिव्ह परत मागावी.
4) कृष्णधवल रोल शक्यतो महाविद्यालयातच धुवावेत, प्रकाशबंद पिशवी, टाकी, तापमापक व सुमारे 20 अंशांचे द्रावण एवढे रसायनशास्त्र विभागात जमविता येते.

समारोप

लॅबच्या चुकीबद्दल फार तर नवा रोल किंवा धुलाईची रक्कम मिळेल. पडून गेलेला वाडा किंवा ओसरलेला पूर पुन्हा टिपता येणार नाही. म्हणून रोल पाठविण्याचा निर्णय केवळ खर्चाच्या हिशेबाने न घेता मूळ दस्तऐवज परहस्ते देण्याच्या गांभीर्यानेच घेणे उचित होय.