सांगाडा ताठ, प्रवास मऊ

जूचंद्रहून महामार्गाकडे निघालेल्या मोटारीचे एक चाक खड्ड्यात गेले, की तिचा सांगाडा किंचित पिळला जातो. हा सांगाडा आणखी ताठ केला तर दणके वाढतील, असे आम्हालाही वाटे. घडते मात्र उलट.

बुटांचे रिकामे खोके घ्या. झाकण न लावता दोन्ही टोके धरून विरुद्ध दिशांना पिळा. ते सहज पिळले जाते. आता झाकण चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्के करून पुन्हा पिळा. पुठ्ठा तोच, पण आकार बंद झाल्याने तो दाद देत नाही. ४ सेंमी व्यासाच्या, १ मिमी जाड पत्र्याच्या नळीला लांबीभर चीर पाडली, तर तिचा पिळाला होणारा विरोध सुमारे १२०० पट घटतो!

जुन्या जीपखाली शिडीसारखी चौकट असे. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत मात्र तळ, खांब आणि छप्पर वेल्डिंगने जोडलेले, म्हणजे जणू बंद खोकेच.

पिळणारा सांगाडा ही एक जादा स्प्रिंगच असते. चाकांवरच्या स्प्रिंगांची थरथर शॉक अ‍ॅब्सॉर्बर शमवतात. सांगाड्याची थरथर शमवायला तसे काही नसते. शिवाय चाकांचे कोन बदलतात आणि वळणावर गाडी चालकाचे उशिरा ऐकते. सांगाडा ताठ असला, की दबण्याचे काम स्प्रिंगांकडेच राहते. मग त्या मऊ ठेवता येतात आणि प्रवास सुखाचा होतो.

छप्पर नसलेल्या मोटारीचा तळ अधिक मजबूत का करावा लागतो? खोके हातात देऊन मुलांनाच विचारा.