तिवराचें झाड व खारशेतीचा बांध

सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते. महाडाखालीं दासगांवच्या बाजूस तिला भरती-ओहोटीचें पाणी लागतें, व पुढें बाणकोटाजवळ ती समुद्रास मिळते. या खाडीपट्ट्यांत ज्यांची भातशेती आहे, त्या आमच्या शेतकरी बंधूंस तिवराचें झाड नवें नाहीं. कोणी त्यास सरपण समजतो, कोणी गुरांचा चारा, तर कोणी शेतीचा शत्रु. यांपैकीं खरें काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

वनस्पतिशास्त्रांत तिवराच्या वंशास ‘अव्हिसेनिया’ म्हणतात. इब्न सीना या विख्यात वैद्याच्या नांवावरून तें पडलें आहे. वंश लहान, साऱ्या उष्ण प्रदेशांत मिळून त्याच्या सुमारें आठच जाती आहेत. आपल्या किनाऱ्यावर तीन आढळतात. त्यांतील रुंद, गोलसर पानांची व पिवळसर-नारिंगी फुलांची जात नदीचें गोडें पाणी मिसळतें तेथें विशेष वाढते. पानांची खालची बाजू पांढुरकी असलेली दुसरी एक जात क्षार अधिक सोसते.

खाडीच्या चिखलांत हवा खेळत नाहीं, म्हणून तिवराचीं मुळें पेन्सिलीसारखीं बोटें चिखलावर काढून श्वास घेतात. पाण्यांतील बहुतेक क्षार मुळेंच अडवितात व उरलेला पानांवाटे बाहेर पडतो. पान जिभेस लाविल्यास तें खारट लागतें. याचें बीं फळांत असतांनाच अंकुरतें, आणि गळून पडल्यावर पाण्याबरोबर वाहत जाऊन मिळेल त्या चिखलांत रुजतें. ही शेवटची गोष्ट शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत ठेवावी.

बांधाच्या बाहेर तिवर असणें हिताचें आहे. त्याच्या दाट मुळांत गाळ अडकून राहतो, उधाणाच्या लाटेचा जोर मोडतो व मातीचा बांध कमी धुपतो. डोंगरांतून येणारा महापूर तिवरानें थांबतो, असें आमचें म्हणणें नाहीं. २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनीं पाहिला, त्यांस हें सांगावयास नको. परंतु नित्याच्या भरतीपुढें बांधास याहून स्वस्त ढाल नाहीं. चार दिवसांच्या चुलीसाठीं ती तोडणें हें शहाणपणाचें नव्हे.

बांधाच्या आंत मात्र गोष्ट निराळी. बांधास खांड पडून ती तशीच राहिली, कीं भरतीबरोबर बीं आंत येतें व थोड्याच वर्षांत भातखाचरांत तिवराचें रान उभें राहतें. मग तें काढतां येत नाहीं. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं अशा झाडांच्या तोडीस मनाई केली, व २०१८ च्या निकालानें ती कायम झाली. जमीन खाजगी असली तरी ही मनाई लागू आहे. सात-बारावर नांव शेतकऱ्याचें आणि शेतांत पीक तिवराचें, अशी स्थिति होते. ज्याचें पोट त्या खाचरावर आहे, त्यास हें कठोर वाटणें साहजिक आहे. तथापि यांत दोष झाडाचा नाहीं. वेळीं न बुजविलेल्या खांडीचा आहे.

म्हणून खांड लहान असतांनाच, पुढील उधाणापूर्वीं, गांवकऱ्यांनीं मिळून ती बुजवावी. खेंकड्यांचीं बिळें व उघाडीची झडप पावसाळ्यापूर्वीं तपासावी. बांध सरकारी योजनेंतील असल्यास खारभूमि खात्यास लेखी कळवून पोंच घ्यावी, व नुकसानीचा पंचनामा करवून घ्यावा. खारें पाणी शिरून गेलेल्या शेतांत पहिल्या पावसाचें पाणी कोंडून पुनःपुन्हा सोडून द्यावें, म्हणजे क्षार धुऊन जातो; नंतर पनवेल-३ सारखी क्षार सोसणारी भाताची जात लावावी.

सारांश, बाहेरचें तिवर राखावें आणि आंत तें रुजूं देऊं नये. एवढा नियम पाळला, तर झाडही राहील व शेतही राहील.