फोटोपेक्षा फ्रेम भारी! रत्नजडित चौकटीत नेमकं काय असतं?

घरसजावटीचे रील्स बघताना रंगीत मीनाकारीच्या, खड्यांनी लखलखणाऱ्या छोट्या फोटो फ्रेम्स तुम्हीही पाहिल्या असतील. फोटो तळहाताएवढा आणि किंमत मात्र चांगल्या पैठणीइतकी! एवढे पैसे नेमके कशाचे?

या हौसेचं सर्वात देखणं रूप घडलं रशियात. सेंट पीटर्सबर्गच्या फॅबर्जे या पेढीने झारच्या कुटुंबासाठी अशा कितीतरी फ्रेम्स बनवल्या. चांदीच्या पत्र्यावर यंत्राने लाटांसारख्या बारीक रेषा कोरायच्या, त्यावर रंगीत काचेची पूड पसरायची आणि सुमारे 700 ते 800 अंश तापमानाच्या भट्टीत ती वितळवायची. मग पुन्हा थर, पुन्हा भट्टी. पारदर्शक रंगाखालून त्या रेषा पाण्यासारख्या हलताना दिसतात. शेवटच्या भाजणीत तडा गेला, तर आधीची सगळी मेहनत वाया! हिरे-मोती असायचे, पण फॅबर्जेचा खरा दिमाख या मीनाकारीत होता.

1898 सालच्या ईस्टरला झार निकोलस दुसरा याने पत्नी अलेक्झांड्राला दिलेलं गुलाबी अंडं तर प्रसिद्धच आहे. बाजूचं मोती बसवलेलं बटण फिरवलं, की वरून हिरेजडित चौकटींतली तीन लघुचित्रं बाहेर येतात: स्वतः निकोलस आणि ओल्गा, तातियाना या दोन मुली.

तंजावरच्या मराठा दरबारात बहरलेल्या चित्रशैलीत हीच हौस उलट्या बाजूने दिसते. तिथे सोन्याचा वर्ख आणि खडे चौकटीला नाही, थेट चित्रातल्या देवाच्या अंगावर चढतात.

आता आजच्या बाजाराकडे वळू. जाहिरातीत 'ज्वेल्ड' लिहिलं म्हणजे रत्नं असतीलच असं नाही. बहुतेक फ्रेम्स ओतीव धातूच्या असतात आणि त्यांवर क्रिस्टल बसवलेले असतात. स्वारोव्हस्कीसारख्या नामांकित कंपनीचा क्रिस्टल असला, तरी तो उत्तम पैलू पाडलेली काचच. त्यात फसवणूक नाही. विक्रेत्याने ते सांगितलं नाही तर मात्र आहे. मीनाकारी भट्टीत भाजलेली आहे की नुसता रेझिनचा रंग ओतलाय, हेही विचारून घ्या. रेझिन स्वस्त पडतं आणि नखाने घासलं तरी ओरखडा पडू शकतो. खडे खाचेत घट्ट बसवलेत की फक्त चिकटवलेत, हे भिंगातून कळतं.

साफसफाईत सर्वात मोठी चूक म्हणजे काच पुसायचा स्प्रे थेट फ्रेमवर मारणं. बऱ्याच खड्यांच्या पाठीला चमकीसाठी चंदेरी मुलामा असतो. ओल आत शिरली की तो काळवंडतो आणि खडा कायमचा निस्तेज होतो. कोरडा मऊ ब्रश पुरे.

आणि आतला फोटो? तो काचेला टेकलेला असेल, तर पावसाळी दमट हवेत त्याचा थर काचेला चिकटतो. मग ओढून काढताना चेहराच निघून येतो. मधे जाड कागदाची खिडकी कापून ठेवली, की काच आणि फोटो यांत फट राहते. आजी-आजोबांचा एकुलता एक जुना फोटो असेल, तर फ्रेममध्ये त्याची प्रत लावा. मूळ फोटो उजेडापासून दूर, कोरड्या डब्यात राहू द्या.