असमान पडद्यांमधील माउस-कर्सरचे संक्रमण : कारण व उपाय

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयीन प्राध्यापकांचे अहवाल-लेखनाचे काम दोन पडद्यांवर विभागल्यास सुलभ होते. 'नॅक'चा स्वयंअध्ययन अहवाल एका पडद्यावर भरावयाचा आणि त्याचे पुरावे दुसऱ्यावर पाहावयाचे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्यासाठी नव्या लॅपटॉपला विभागातील जुना १७ इंची मॉनिटर जोडता येतो. तथापि पडदा ओलांडताना कर्सर कडेशी अडतो अथवा वर-खाली उडी घेतो. दोष माउसचा समजला जातो आणि सुस्थितीतील मॉनिटर अडगळीत जातो.

विवेचन :

विंडोज ९८ पासून एकाहून अधिक पडद्यांची सोय उपलब्ध आहे. संगणक हे सर्व पडदे एकाच कल्पित पृष्ठावर मांडतो. मात्र त्याचे माप सेंटिमीटर नसून पिक्सेल असते. अडचणीचे मूळ येथेच आहे.

१५.६ इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे १९.४ सेंटिमीटर उंच असून त्यावर पिक्सेलच्या १०८० ओळी असतात. जुना १७ इंची पडदा २७ सेंटिमीटर उंच, पण ओळी १०२४. म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये लॅपटॉपवर सुमारे ५६ ओळी, तर जुन्या पडद्यावर ३८. दोन्हींच्या वरच्या कडा टेबलावर व संगणकातील मांडणीतही जुळवल्या, तर जुन्या पडद्याच्या मध्यावरून, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर खालून निघालेला कर्सर लॅपटॉपवर अवघ्या ९.२ सेंटिमीटरवर प्रकटतो. लॅपटॉपच्या तळाच्या ५६ ओळींना शेजारच नसतो. तेथे कर्सर अडतो. ही पट्टी जेमतेम एक सेंटिमीटरची, पण टास्कबार नेमका तेथेच असतो. पूर्णा जंक्शनवर अकोला मार्गाचे रुंदीकरण होईपर्यंत प्रवाशांना गाडी बदलावी लागे. दोन्ही मार्ग शेजारी असूनही रुळांचे माप निराळे होते. येथेही तोच प्रकार आहे.

पहिला उपाय विनाखर्चाचा आहे. डिस्प्ले सेटिंगमधील दोन आयत ओढून, जेथून ये-जा अधिक होते त्या उंचीवर ते जुळवावेत. जुळणी त्या एकाच उंचीवर अचूक राहते, परंतु बहुतेक कामाला तेवढी पुरते. विंडोज ११ मध्ये 'इझ कर्सर मूव्हमेंट बिटवीन डिस्प्लेज' हा पर्याय आहे. तो अडलेल्या कर्सरला शेजारच्या पडद्यावर नेतो, उडी मात्र टाळत नाही. ती टाळावयाची असल्यास 'लिटल बिग माउस' ही मोफत आज्ञावली उपयोगी पडते. ती पडद्यांचे प्रत्यक्ष आकारमान लक्षात घेऊन कर्सर सरळ रेषेत पलीकडे नेते. आकारमान चुकीचे नोंदले गेल्यास पट्टीने मोजून दुरुस्त करावे.

वर्गातील प्रोजेक्टरला ही सेंटिमीटरची जुळणी निरर्थक ठरते, कारण भिंतीवरील चित्र कित्येक पट मोठे असते. 'एक्स्टेंड' पद्धतीत कर्सर उजव्या कडेतून निसटून व्याख्यानाच्या मध्येच दिसेनासा होतो. अशा वेळी मांडणीत प्रोजेक्टरचा आयत लॅपटॉपच्या उजवीकडे न ठेवता वर ठेवावा. भिंत समोरच असल्याने हाताला ती दिशा स्वाभाविक वाटते आणि बाजूच्या कडा बंद राहतात.