साडेतीन हजार किलोमीटरची वाट राखणारे हात

श्रमदानातून एखादे काम उभे राहते. परंतु उद्घाटनानंतर ते सांभाळावयाचे कोणी, हा प्रश्न ग्रामीण भागातील प्रत्येक कार्यकर्त्यास परिचित आहे. अमेरिकेतील ॲपलाचियन पायवाटेचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतापासून मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत ही वाट चौदा राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते. नियोजनतज्ज्ञ बेंटन मॅके यांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती सलग झाली. मात्र पुढील वर्षीच्या चक्रीवादळाने व नव्या रस्त्यांच्या बांधणीमुळे ती खंडित झाली. ती पुन्हा जुळण्यास १९५१ साल उजाडावे लागले.

डोंगरातील वाटेचा खरा शत्रू पाणी होय. चालणाऱ्यांच्या पावलांनी माती दबून वाट खोलगट होते, पावसाचे पाणी तिच्यातूनच धावू लागते आणि पाहता पाहता तिची घळ बनते. यावर उपाय म्हणून वाटेत तिरपा ओंडका किंवा दगडांची रांग पुरून पाणी उताराकडे वळविण्यात येते. तत्त्व शेताच्या बांधबंदिस्तीचेच. आपल्या शेतकऱ्यास ते सांगावयास नको. परंतु त्या अडसरामागे पाने व गाळ साचला की पाणी पुन्हा वाटेवर येते. म्हणून कुदळ-फावडे घेऊन कोणीतरी तेथे पुनःपुन्हा जावेच लागते. झाडांवरील दोन इंच रुंद व सहा इंच उंच पांढऱ्या खुणा रंगविणे, वाढलेली झुडपे छाटणे, ही कामेही अशीच न संपणारी.

ही कामे सुमारे तीस स्थानिक मंडळांचे स्वयंसेवक करतात. प्रत्येक मंडळाकडे वाटेचा ठरावीक भाग असतो आणि त्यातील लहान लहान तुकडे सभासदांकडे सोपविलेले असतात. ‘सर्वांची जबाबदारी’ असे मोघम न ठेवता हा तुकडा अमुक व्यक्तीचा, असे ठरविण्यातच या व्यवस्थेचे मर्म आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शासनाने येथे अंग काढून घेतलेले नाही. १९६८ च्या कायद्याने वाटेस राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि १९७८ च्या दुरुस्तीनंतर भूसंपादनास वेग आला. १९८४ साली राष्ट्रीय उद्यान सेवेने संपादित जमिनींच्या व्यवस्थापनाची बरीचशी जबाबदारी, १९२५ पासून कार्यरत असलेल्या ॲपलाचियन ट्रेल कॉन्फरन्स (आजची कॉन्झर्वन्सी) या स्वयंसेवी संस्थेकडे करारान्वये सोपविली. जमिनीची मालकी मात्र शासनाकडेच राहिली.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन चक्रीवादळाने दक्षिणेकडील भागात असंख्य वृक्ष वाटेवर आडवे केले. अशा प्रसंगी केवळ उत्साह पुरत नाही. ताणाखाली अडकलेले खोड कापताना उसळून जीव घेऊ शकते, त्यामुळे केंद्र शासनाच्या जमिनीवर यांत्रिक करवत चालविणाऱ्या स्वयंसेवकास प्रशिक्षण व प्रमाणपत्र आवश्यक असते. कायद्याने संरक्षित निबिड वनक्षेत्रांत तर सामान्यतः यंत्रांस मनाई आहे. तेथे पडलेला वृक्ष दोघांनी दोन टोकांस धरून ओढावयाच्या करवतीनेच कापतात.