चुंबकाला चिकटली की गोळी बाद!

अमेरिकेतल्या बऱ्याच शूटिंग रेंजवर एक गंमत बघायला मिळते. नेमबाज रायफल, कान झाकायचे मफ, डोळ्यांना चष्मा असा सगळा जामानिमा करून दारात येतो. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "काडतुसांचा डबा उघडा बघू." मग तो एक चुंबक काढतो आणि काडतुसाच्या टोकाला, म्हणजे गोळीला, लावतो. टक्! चिकटला. "ही काडतुसं इथे चालणार नाहीत." नाही चिकटला, तर खुशाल आत जा.

पण थांबा. ती गोळी तर तांब्यासारखी लालसर आणि चकचकीत दिसत होती. तांब्याला कधी चुंबक चिकटतो का?

नाहीच चिकटत. तांबं, पितळ, शिसं यांच्याकडे चुंबक ढुंकूनही बघत नाही. तो धावतो लोखंडाकडे. आपल्या गल्लीतला भंगारवाला हे पक्कं ओळखून असतो. "दादा, अस्सल पितळेचा नळ आहे हो!" असं म्हणून आजीनं नळ पुढे केला, की तो आधी चुंबक लावून बघतो. चिकटला, तर समजायचं, वर मुलामा आणि आत लोखंड. गोळीच्या बाबतीतही तेच. चुंबक चिकटला म्हणजे तांब्याच्या पातळ थराखाली किंवा अगदी आत गाभ्यात पोलाद लपलंय.

असूदे की पोलाद! त्यात एवढं बिघडलं काय? ते कळायला आधी शिशाची ओळख करून घेऊ.

गोळीसाठी शिसं पूर्वापार वापरात आहे, आणि त्याला कारणं आहेत. ते जड आहे. एक घन सेंटिमीटर लोखंड सुमारे 7.9 ग्रॅम भरतं, तेवढंच शिसं भरतं 11.3 ग्रॅम. आकार तेवढाच, पण वजन जास्त. त्यामुळे हवा अडवत असली तरी गोळीचा वेग चटकन कमी होत नाही. ते 327 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून साच्यात ओतायला सोपं. आणि ते इतकं मऊ असतं, की नखानंही ओरखडा उठतो. (हा प्रयोग करायचा नाही हं! शिसं विषारी असतं. आणि कुठे काडतूस पडलेलं दिसलं तर हात न लावता मोठ्यांना सांगायचं.)

हा मऊपणा फार कामाचा. रायफलच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतात. मऊ शिसं त्या खाचांत घट्ट बसतं आणि गोळी गरगर फिरतच बाहेर पडते. फिरणारी गोळी हवेत कोलांट्या न खाता सरळ जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, आठवतंय? त्या प्रकारात गोळी असते 5.6 मिलिमीटर जाडीची, आणि ती शिशाची किंवा तशाच मऊ पदार्थाची असावी असा नियमच आहे. पन्नास मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त 10.4 मिलिमीटरचं!

या गोळ्या साधारण आवाजाच्या वेगाच्या आसपास जातात. मोठ्या रायफलींच्या गोळ्या मात्र त्याच्या दुपटीहून जास्त वेगानं सुटतात. एवढ्या वेगात शिसं घासून नळीच्या खाचांत लिंपलं जातं आणि खाचा बुजायला लागतात. यावर 1882मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी तोड काढली. त्यांनी शिशाला तांब्याचं कवच चढवलं. तांबं शिशापेक्षा टणक, पण नळीच्या पोलादापेक्षा मऊ. म्हणजे खाचा बुजत नाहीत आणि नळीही फारशी झिजत नाही.

फक्त तांबं पडतं महाग. म्हणून काही कारखाने कवच पोलादाचं करतात आणि त्यावर तांब्याचा नुसता हात फिरवतात. काही गोळ्यांच्या तर गाभ्यातच पोलाद असतं. रेंजवाल्याच्या चुंबकाला सापडतात त्या याच.

आता त्याचं दुखणं ऐका. रेंजवर पोलादी पाट्यांवर नेम धरतात. शिशाची गोळी पाटीवर आपटली की चपटी होऊन तिच्या चिंधड्या उडतात. पोलादी गाभा मात्र सहजी चपटा होत नाही. तो पाटीला खड्डे पाडतो, आणि खड्डेवाल्या पाटीवरून पुढच्या गोळ्यांचे तुकडे कुठल्या दिशेनं उडतील याचा नेम नाही. म्हणजे नेमबाजांनाच धोका.

दुसरं दुखणं आगीचं. 2013मध्ये अमेरिकेच्या वनविभागातल्या शास्त्रज्ञांनी रायफलीच्या गोळ्या पोलादी पाटीवर मारल्या आणि फुटलेले तुकडे वाळक्या शेवाळाच्या भुशावर पडू दिले. वेगानं आलेली गोळी एका क्षणात थांबते, तेव्हा तिच्या वेगातली ऊर्जा जाणार कुठे? गोळी चेपते, फाटते आणि तापते. तुकड्यांचं तापमान 800 अंशांच्याही वर जाऊ शकतं असं त्यांना आढळलं. पोलाद असलेल्या गोळ्यांनी भुसा पुन्हा पुन्हा पेटवला. तांब्याचं कवच आणि शिशाचा गाभा असलेल्या गोळ्यांनी सगळ्या चाचण्यांत मिळून एकदाच पेटवला. उन्हाळ्यात रेंजभोवती गवत वाळलेलं असतं, तेव्हा हा फरक केवढा मोठा!

म्हणजे शिसं जिंकलं? छे, त्याचीही एक काळी बाजू आहे. शिशाची धूळ श्वासातून किंवा हातांवरून शरीरात गेली तर मेंदूला अपाय होतो, मुलांच्या तर जास्तच. म्हणून बंदिस्त रेंजवर हवा खेळती ठेवावी लागते आणि खेळून झाल्यावर हात स्वच्छ धुतल्याशिवाय खायचं नसतं.

माणसाला हात तरी धुता येतात. कॅलिफोर्नियाच्या कॉन्डॉर गिधाडांनी काय करायचं? ही गिधाडं मेलेली जनावरं खातात. शिकाऱ्यांनी मारलेल्या जनावरांत शिशाचे बारीक तुकडे राहतात, आणि ते गिधाडांच्या पोटात जातात. 1982मध्ये जगात फक्त 22 कॉन्डॉर उरली होती, आणि ती वाचवायच्या कामात शिसं सारखं आडवं येत राहिलं. शेवटी 1 जुलै 2019पासून कॅलिफोर्नियानं बंदुकीच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. शिकारी मग निव्वळ तांब्याच्या गोळ्यांकडे वळले.

आणि गंमत बघा! वनविभागाच्या त्याच प्रयोगात निव्वळ तांब्याच्या गोळ्यांनीही भुसा हमखास पेटवला होता. तांबं शिशापेक्षा टणक, म्हणून त्याचे तुकडे मोठे उडतात, आणि मोठा तुकडा लवकर निवत नाही. बरं, तांबं चुंबकाला चिकटतही नाही. म्हणजे आग लावू शकणारी ही गोळी चुंबकाच्या परीक्षेत आरामात पास!

म्हणून चांगला रेंजवाला नुसत्या चुंबकावर विसंबत नाही. डब्यावरचा मजकूरही वाचतो, आणि ऋतू, गवत, पाट्या बघून नियम ठरवतो.

आता तुमची पाळी. एका कागदावर पाच रकाने आखा: जड, मऊ, स्वस्त, बिनविषारी, आग न लावणारा. त्यात धातू भरा. टंगस्टन शिशाहूनही जड, पण फार टणक आणि महाग. बिस्मथ बराच निरुपद्रवी, पण ठिसूळ. कथील मऊ, पण हलकं. पाचही रकान्यांत बरोबरची खूण मिळवणारा धातू सापडला, तर आम्हाला जरूर कळवा!