वॉर डायरीत आजोबा शोधताना

उल्हासनगरच्या पत्त्यांत आजही ‘कॅम्प नंबर तीन’ असं लिहितात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेल्या छावणीची ती खूण. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. तेव्हा डोंबिवलीतल्या एखाद्या घरात ‘आजोबा १९४३ साली उल्हासनगरहून इटलीला गेले’ असं सांगत असतील, तर नाव नंतरचं आहे, पण जागा खरी असू शकते. लढाईच्या आठवणी तपासणाऱ्याने हा फरक आधी शिकावा. चुकलेल्या नावासाठी अख्खी आठवण मोडीत काढायची नसते.

तपासायचं कशाशी, तर वॉर डायरीशी. मोहिमेवरच्या प्रत्येक पलटणीला ती ठेवावीच लागे. छापील फॉर्म, ठरलेले रकाने: ठिकाण, तारीख, वेळ, घटनांचा गोषवारा, शेरा. महिन्याची एक डायरी, मागे हुकूम आणि नकाशे जोडलेले. लिहिणारा बहुधा ॲडज्युटंट किंवा इंटेलिजन्स ऑफिसर. अधिकारी जखमी झाला तर त्याचं नाव येतं. जवान मात्र सहसा आकड्यात असतो: इतके ठार, इतके जखमी. नातवाला डायरी सापडते, आजोबा सापडत नाहीत.

म्हणून आधी हवा आजोबांचा लष्करी नंबर. ब्रिटिश सैनिकांना महायुद्धातले स्टार कोरे मिळाले. भारतीयांच्या पदकांवर मात्र नंबर आणि नाव कोरलेलं असे, त्यामुळे डिस्चार्ज बुकाला वाळवी लागली तरी ट्रंकेतला इटली स्टार उलटून पाहावा. दुसरी गरज बटालियनची. ‘मराठा पलटणीत होते’ एवढ्यावर काही हाती लागत नाही, कारण मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली आणि तिसरी, दोन्ही बटालियन इटलीत लढल्या.

तिसरीतले नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे चालून गेले, ग्रेनेडने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझीन बदलायला वेळ नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात हे सारं आहे. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

आता हे मानपत्र तपासणाऱ्याच्या नजरेने वाचा. सेक्शनमधलं कोणीच धड उरलं नव्हतं, तर हे सांगितलं कोणी? जखमींनी किंवा मागून पाहणाऱ्यांनीच असणार. म्हणजे रेकॉर्ड हीसुद्धा कोणाची तरी आठवणच, फक्त लवकर कागदावर उतरलेली. तारीख आणि ठिकाणासाठी मी डायरीवर विसंबेन. पण खंदकात कोण कोणाशेजारी होतं, रात्री काय खाल्लं, भीती कशाची वाटली, हे विचारायला म्हाताऱ्याकडेच जाईन.

पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून जिवंत परतले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, असताना त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं. १९८४ मध्ये पुण्यात ते वारले. त्यांच्यासारख्या माणसाला मानपत्र वाचून दाखवून ‘असंच झालं का?’ असं विचारता आलं असतं.

महायुद्धातल्या डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये पाहता येतात. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांचं तसं नाही. लष्करी कागद साधारण २५ वर्षांनी खुले करण्याचं धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलं, पण १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. १९७१ च्या युद्धात विशीत असलेले जवान आज सत्तरीपलीकडे आहेत. ठाणे-कल्याणात असं कोणी ओळखीचं असेल, तर कागद खुले होण्याची वाट न बघता नंबर, बटालियन, कंपनी आणि शेजारच्या जवानाचं गाव आधी लिहून घ्यावं.